मृत्युपत्र, नॉमिनी, वारसा: ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळमधल्या एका विरंगुळा केंद्रात मी आठवड्यातून एकदा ज्येष्ठांच्या कागदपत्रांसाठी बसते. नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षं मयत खातेदारांचे क्लेम येतात त्या टेबलावर गेली. खालचे प्रश्न त्या टेबलावरचे, केंद्रातले आणि ठाण्यात राहणाऱ्या नातेवाइकांचे आहेत. उत्तरं देताना माझं एक मत जागोजागी दिसेल, म्हणून ते आधीच सांगते. मुलांमध्ये वाटणी कशी करायची याची चर्चा घरोघर होते. दोघांपैकी एक गेल्यावर जे मागे राहणार, बहुतेक वेळा बायकोच, तिचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आधी तो प्रश्न सोडवा.

मृत्युपत्र केलं नाही तर सगळं बायकोलाच मिळतं ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत महाग पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा आहे आणि तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गातल्या वारसांकडे सारख्या वाट्याने जाते. त्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई येतात. वडील त्यात नाहीत, आई आहे.

उदाहरण घेऊ. ठाण्यात वसंत विहारला एक फ्लॅट आहे, नवरा-बायकोच्या नावावर निम्मा-निम्मा. कर्ज दोघांनी मिळून फेडलं. एक मुलगा, एक मुलगी, आणि नवऱ्याची आई हयात. नवरा अचानक गेला. त्याच्या निम्म्या भागाचे चार वाटे होतात आणि पत्नी, मुलगा, मुलगी, आई यांना घराचा एक-अष्टमांश भाग प्रत्येकी मिळतो. पत्नीचा एकूण हिस्सा आठात पाच झाला. इथवर ठीक. पुढे दोन-तीन वर्षांनी सासूबाई जातात आणि त्याही मृत्युपत्र करत नाहीत. त्यांचा एक-अष्टमांश वाटा आता त्यांच्या वारसांकडे जातो, म्हणजे दीर, नणंद आणि गेलेल्या मुलाची मुलं यांच्याकडे. दिराचा आणि नणंदेचा त्या घरात प्रत्येकी चोविसावा भाग आला. घर विकायचं झालं की खरेदीदाराचा वकील त्यांच्या सह्या मागणार. दीर चांगले असतील तर हक्कसोड करून देतील. नसतील, किंवा दीरही गेले आणि प्रश्न पुतण्यांपर्यंत पोचला, तर त्या बाईने काय करायचं?

नवऱ्याने एका पानावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या तर यातलं काहीही झालं नसतं.

आमच्या सोसायटीत नॉमिनी लावला आहे. मग मृत्युपत्र कशाला?

नॉमिनी मालक होत नाही. तुमच्या पश्चात सोसायटीने, बँकेने कुणाशी बोलायचं एवढं नॉमिनेशनमुळे ठरतं. मालकी मृत्युपत्राप्रमाणे जाते, आणि ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे.

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर सोसायटीने नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं असतं. खरा वारस ठरून तो सभासद होईपर्यंतच ही व्यवस्था टिकते. वारस ठरवायला मृत्युपत्र, कोर्टाचा दाखला किंवा सर्व वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त चालतो. हा शेवटचा पर्याय फार लोकांना माहीत नसतो. घरात एकमत असेल तर कोर्टाची पायरी न चढता काम होतं.

शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचंही असंच. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी झाल्याने वारसांचा हक्क संपत नाही. आयुर्विम्यात थोडा फरक आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच समजली जाते.

एवढं वाचून नॉमिनेशन निरुपयोगी आहे असं समजू नका. मृत्युपत्रात ज्याचं नाव, नॉमिनेशनमध्येही त्याचंच नाव ठेवा. मोठा मुलगा समजूतदार म्हणून नॉमिनी त्याला करायचं आणि घर बायकोला लिहायचं, असं केलं की दोन कागद एकमेकांशी भांडतात आणि भांडण घरात येतं.

बँकेत किती नॉमिनी लावता येतात?

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींवर चार जणांपर्यंत. प्रत्येकाची टक्केवारी ठरवून सगळे एकदम, किंवा एक नसेल तर दुसरा अशा क्रमाने. लॉकरला मात्र क्रमानेच लावता येतात.

टेबलावर वारंवार दिसायचं ते सांगते. एफडी पंधरा वर्षांपूर्वीची, दरवेळी आपोआप रिन्यू झालेली, नॉमिनी म्हणून आईचं नाव आणि ती आई केव्हाच गेलेली. दुसरा प्रकार पगार खात्याचा. लग्नाआधी उघडलेलं, नॉमिनी वडील, आणि बायकोचं नाव कुठेच नाही. पासबुकावर किंवा एफडीच्या पावतीवर नॉमिनेशनची नोंद असते, ती आज संध्याकाळी चष्मा लावून वाचा. पीएफमध्ये लग्नानंतर जुनं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं, नवं भरावं लागतं. जावई-मुलगी नोकरी करत असतील तर त्यांनाही हे सांगा.

नॉमिनी किंवा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, अशी सोय असेल तर रक्कम कितीही असो, बँकेने वारस दाखला किंवा प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, मागायचं नसतं. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. काउंटरवरच्या नवख्या मुलाने मागितलाच तर शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि नकार लेखी मागा.

मृत्युपत्र स्टॅम्प पेपरवर करावं लागतं का? नोंदणी सक्तीची आहे का?

दोन्हींचं उत्तर नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र पूर्ण वैध असतं. करणारा सज्ञान आणि भानावर हवा, त्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, आणि त्यांनीही तुमच्यासमोर सही करावी. आत काय लिहिलंय हे त्यांना कळायची गरज नाही.

तरीही मी नोंदणी करा असंच सांगते, विशेषतः घर कुणा एकाला देताय आणि दुसरा नाराज होण्याची शक्यता आहे तेव्हा. मृत्युपत्रावर मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची फी अगदी किरकोळ आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, साक्षीदारांचीही ओळख पटवली जाते. ‘बाबांना काही कळत नव्हतं, सही त्यांची नाहीच’ असं उद्या कुणी म्हणालं तर हा पुरावा कामी येतो. वयामुळे बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते पटकन घेत नाही. घाबरू नका, हात कोमट पाण्याने धुऊन पुन्हा प्रयत्न करतात. अंथरुणावर असलेल्या माणसासाठी निबंधकाने घरी येण्याची सोय नोंदणी कायद्यातच आहे, त्यासाठी अर्ज करावा लागतो.

पंच्याहत्तरी ओलांडली असेल किंवा आजारपण चालू असेल तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडून मनस्थिती ठीक असल्याचा दाखला घ्या. कायद्याने सक्ती नाही, पण भविष्यातला वाद तिथेच निम्मा विझतो.

नेमकं काय लिहायचं?

कायद्याची जड भाषा लागत नाही. घराविषयीचं वाक्य असं असू शकतं:

‘कोपरखैरणे येथील अमुक सोसायटीतील सदनिका क्रमांक तमुक, तिचे शेअर सर्टिफिकेट, सिंकिंग फंड व अनुषंगिक सर्व हक्कांसह, मी माझी पत्नी अमुक हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. ती माझ्याआधी किंवा माझ्यासोबत मरण पावल्यास सदर सदनिका माझा मुलगा व माझी मुलगी यांना समान हिश्श्याने मिळावी.’

यातले ‘पूर्ण मालकी हक्काने’ हे शब्द गाळू नका. काही वकील ‘पत्नीने हयातभर राहावे, तिच्यानंतर मुलाला मिळावे’ असं घालतात. ऐकायला बरं वाटतं, पण मग त्या बाईला गरज पडली तरी घर विकता येत नाही, लहान घरात जाऊन उरलेल्या पैशांवर जगता येत नाही, आणि घरात तिचा शब्द कमी होतो. काही घरांत हयातीचा हक्कच योग्य ठरतो, उदाहरणार्थ दुसरं लग्न असेल आणि पहिल्या लग्नाची मुलं असतील तर. एरवी बायकोवर विश्वास ठेवा. संसार तिच्या भरवशावर केलात, घरही तिच्या भरवशावर सोडा.

दुसरं वाक्यही विसरू नका, ‘ती माझ्याआधी गेल्यास’ हे. तिसरं आवश्यक वाक्य म्हणजे ‘वर न लिहिलेली माझी उरलेली सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी.’ मृत्युपत्रानंतर घेतलेली एफडी, विसरलेले शेअर्स, मिळायचा राहिलेला एरिअर्स यात येतात. आणि सुरुवातीला ‘याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असं लिहा. सर्वांत शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात. जुनं नोंदवलेलं आणि नंतरचं न नोंदवलेलं असलं तरी नंतरचंच लागू होतं.

मुलांपैकी एकाला कमी देत असाल तर एका ओळीत कारण लिहा. ‘त्याच्या शिक्षणासाठी व घरासाठी मी यापूर्वी मदत केली आहे’ एवढं पुरतं. राग काढायची ही जागा नव्हे, ते पान नातवंडंही वाचणार असतात.

साक्षीदार कोण असावेत?

तुमच्यापेक्षा तरुण, जवळपास राहणारे आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर किमान एका साक्षीदाराला उभं राहावं लागतं. सकाळी तलावपाळीला फिरायला बरोबर येणारे ऐंशीचे मित्र प्रेमाने सही करतील, पण त्यांच्याकडून पंधरा वर्षांनी साक्ष कशी मिळणार? फॅमिली डॉक्टर आणि शेजारचा पन्नाशीच्या आतला माणूस ही चांगली जोडी.

प्रोबेट घ्यावंच लागतं का?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मिळकतींसाठी ते कधीच सक्तीचं नव्हतं. सक्ती होती ती मुंबई शहरातल्या मिळकतींना आणि मुंबईत केलेल्या मृत्युपत्रांना. त्या सक्तीचं भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळलं. सोसायटी किंवा बँक जुन्या सवयीने मागत असेल तर हे दाखवा. वाद असेल, दुसरं मृत्युपत्र निघालं असेल, तर स्वतःहून प्रोबेट घेणं शहाणपणाचं.

आम्ही दोघांनी मिळून एकच मृत्युपत्र केलं तर?

दोन वेगळी करा. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो का, यावरून वाद होतात.

मुलगा म्हणतो, मृत्युपत्रापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करा. करू का?

राहतं घर असेल तर माझं उत्तर नाही असं आहे, आणि हे मी मुलासमोरही सांगते.

महाराष्ट्रात राहतं घर पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी. स्वस्त आहे म्हणून अनेक जण करून मोकळे होतात. पण मृत्युपत्र उद्या फाडून नवं करता येतं, बक्षीसपत्र झालं की घर त्या क्षणी दुसऱ्याचं. मुलगा चांगलाच असतो हो, बहुतेक मुलगे चांगलेच असतात. पण मुलाचा धंदा बुडू शकतो, बँक त्याचं घर जप्त करू शकते, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, आणि देव न करो, तो आई-वडिलांच्या आधी जाऊ शकतो. तेव्हा तुम्ही त्या घरात कुणाच्या मर्जीवर राहाल?

करायचंच असेल तर दस्तात स्पष्ट लिहा की घेणारा आई-वडिलांना हयातभर या घरात ठेवेल, त्यांचा खर्च आणि औषधपाणी बघेल. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ याच्यासाठी आहे. अट घालून दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळवता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणाकडे होतो. जानेवारी २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला सांगितलं आहे. मात्र अट कागदावर असली तर काम सोपं, नसली तर ‘तसं तोंडी ठरलं होतं’ हे सिद्ध करत बसावं लागतं. ज्यांच्याकडून आधीच बिनशर्त सह्या झाल्या आहेत त्यांनीही हात टेकू नयेत. प्रांत कार्यालयात अर्ज करा.

वडिलांच्या बाराव्या-तेराव्यानंतर भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं आहे. सही करायची का?

आत्ता नको. दुःखाच्या पंधरवड्यात कुठल्याही कागदावर सही करू नका, भावाच्या मनात काही नसलं तरी. तीन महिने थांबल्याने काही बुडत नाही.

मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये केली, केंद्राची ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि वडील त्या तारखेआधी गेले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. लग्नात खर्च झाला म्हणून तो हक्क संपत नाही.

हक्क सोडायचाच असेल तर कुणाच्या नावे सोडताय हे वाचा. आई हयात असेल तर सगळ्या भावंडांनी आईच्या नावे सोडावा, हे माझं कळकळीचं सांगणं. घर आईचं होतं, तिला सुरक्षित वाटतं, आणि ती पुढे स्वतःचं मृत्युपत्र करू शकते. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, नोटरी केलेला कागद पुरत नाही.

मूलबाळ नाही. माझं माझ्या बहिणीला जाईल ना?

बाईंचा प्रश्न असेल तर लगेच मृत्युपत्र करा. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली आणि पती किंवा मुलं नसतील तर तिची स्वतःच्या कमाईची मालमत्ताही आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिचे आई-वडील त्यानंतर येतात. आई-वडिलांकडून वारशाने आलेली तेवढी माहेरी परतते. आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी करून घेतलेला फ्लॅट कधी न भेटलेल्या पुतण्याला मिळतो आणि शेवटपर्यंत सेवा केलेली बहीण बघत राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचं आवाहन केलं ते याच कारणाने.

नवी मुंबईत सिडकोचं काय वेगळं असतं?

बरंच. इथली जमीन बहुतांशी सिडकोची, भाडेपट्ट्याने दिलेली. घर किंवा भूखंड सिडकोकडून थेट घेतला असेल तर सोसायटीत नाव लागलं म्हणजे संपलं असं नसतं. बेलापूरच्या सिडको भवनात वेगळा अर्ज, वेगळे आकार, वेगळी कागदपत्रं. मृत्युपत्र नसेल तर बहुधा वारस दाखला मागतात. तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देतं. उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. ते ठेवी, शेअर्स, येणी यांच्यासाठी असतं, घरासाठी चालत नाही. लोक एकासाठी अर्ज करतात, महिनोन्‌महिने थांबतात आणि मग कळतं की लागत होतं दुसरंच.

आता गावांविषयी. सिडकोसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या भूखंडांची इरादापत्रं ज्या आजोबांच्या नावाने निघाली ते अनेकदा हयात नव्हते. मग पात्रतेच्या यादीत चुलते, आत्या, त्यांची मुलं, अशी वीस-वीस नावं. घणसोली, दिवाळे, करावे, उलवे, कुठेही विचारा, आगरी-कोळी घराघरात हे सापडेल. मला यात सगळ्यांत जास्त दुखतं ते आत्यांचं. कित्येक अर्जांत बहिणींची नावंच लिहिलेली नसतात, आणि पुढे बिल्डरशी करार व्हायच्या वेळी त्या कोर्टात जातात तेव्हा सगळेच अडकतात. वंशावळ पहिल्या दिवशी पूर्ण लिहा, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट, वारलेल्यांसकट.

ज्यांची गावाकडे सातबाऱ्यावर जमीन आहे, मग ती मुरबाडला असो की साताऱ्याला, त्यांनी वारस नोंद लावून घ्यावी. राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली होती ती मयतांची नावं कमी करून वारसांची लावण्यासाठीच. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, पण फेरफार नसेल तर पुढचं एकही काम होत नाही.

नौपाड्यात पागडीची जागा आहे. मुलीच्या नावे लिहू का?

भाडेकरूपणाचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे तो मृत्यूच्या वेळी त्या जागेत तुमच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. रेशन कार्ड, आधार, गॅस यांवर तोच पत्ता असू द्या. इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर आत्ताच वकिलाला गाठा.

दोन्ही मुलं अमेरिकेत आहेत. आमच्यानंतर त्यांना सारखं यावं लागेल का?

मृत्युपत्रात इथे राहणारा विश्वासू एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, नेमा, भाचा, पुतणी, कुणीही. मुलांनी तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (तिकडच्या सरकारचा प्रमाणीकरणाचा शिक्का) करून आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावं. आई-वडिलांनी मुलाला दिलेलं मुखत्यारपत्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं. ते वापरून नंतर पैसे काढणं गुन्हा ठरू शकतो, भले ते पैसे त्याचेच व्हायचे असोत.

आईला विसरायला व्हायला लागलं आहे. काय करता येईल?

जे करायचं ते आता, या महिन्यात. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस पुष्कळदा पूर्ण भानावर असतो आणि आपली इच्छा नीट सांगू शकतो. डॉक्टरांचा दाखला घेऊन मृत्युपत्र नोंदवता येतं. बँक खात्यावर तिच्या संमतीने दुसरं नाव घाला.

पुढे समज पूर्ण गेली की मृत्युपत्र होत नाही. मुखत्यारपत्राचाही उपयोग राहत नाही, कारण देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे ते कायद्याने संपतं. मग तिच्याच पैशांतून तिच्या आयाबाईचा पगार द्यायलाही मुलांना पालक म्हणून नेमणूक मागत उच्च न्यायालयात जावं लागतं. मिळते ती, पण वेळ आणि पैसा जातो. हे घडताना मी जवळून पाहिलं आहे, म्हणून विसरभोळेपणाची पहिली लक्षणं दिसली की औषधांइतकीच घाई कागदांची करा.

व्हेंटिलेटर, नळ्या नकोत अशी इच्छा असेल तर त्याचा कागद वेगळा असतो. जानेवारी २०२३ पासून तो सोपा झाला आहे. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. मृत्युपत्रात हे लिहून उपयोग नाही, ते उघडतात नंतर.

मुलगा मतिमंद आहे. आमच्यानंतर त्याचं कोण?

त्याच्या नावाने थेट घर किंवा मोठी रक्कम ठेवू नका, त्याला ती सांभाळता येणार नाही. मृत्युपत्रातून त्याच्यासाठी ट्रस्ट करा आणि दोन-तीन विश्वस्त नेमा, त्यातला एक तरी तुमच्यापेक्षा एक पिढी लहान असावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून मिळतो. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांनी स्वतःसाठीही हा अर्ज करायचा असतो.

आम्ही मुंब्र्याचे मुस्लिम आहोत. हेच नियम का?

नाही. मुस्लिम कायद्यात वारसांचे वाटे ठरलेले आहेत आणि मृत्युपत्राने, वारसांच्या संमतीशिवाय, एक-तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, नवं करावं लागतं.

वारशावर टॅक्स लागतो?

१९८५ पासून आपल्याकडे वारसा कर नाही. मिळालेलं घर पुढे विकलं तर भांडवली नफ्यावर लागतो, आणि किंमत मूळ मालकाने घेतलेली धरतात. म्हणून जुना करारनामा आणि पावत्या जपा. गेलेल्या व्यक्तीचं त्या वर्षाचं रिटर्न वारसाला भरावं लागतं.

घरातलं माणूस गेल्यावर आधी काय करायचं?

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत, आणि दाखल्याच्या दहा-बारा प्रती. दाखल्यावरचं नाव आधार, करारनामा आणि शेअर सर्टिफिकेटवरच्या नावाशी जुळतं का ते खिडकीवरच बघून घ्या. एका जागी ‘सुलोचना’ आणि दुसरीकडे माहेरचं ‘मालती’ असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं, त्यामुळे हयातीतच गॅझेट किंवा आधारातली दुरुस्ती करून ठेवा.

त्यांचा मोबाइल नंबर बंद करू नका. ओटीपी त्यावरच येत राहतात. मात्र एटीएम कार्डाने पैसे काढत बसू नका, बँकेला कळवा. कुठल्या बँकेत काय होतं हे माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधा, दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे सापडतात. हाउसिंग सोसायटी वारसांच्या नावे हस्तांतर करताना प्रीमियम मागू शकत नाही, मागितला तर देऊ नका. मालमत्ता कर, महावितरण, पाइप गॅस ही नावं सावकाश बदलली तरी चालतात.

वकिलाची फी परवडत नाही. कुणाकडे जायचं?

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे मोफत वकील मिळतो, आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची कुठलीही अट नाही. नवऱ्याची पेन्शन मोठी आहे, फ्लॅट कोटीचा आहे, तरी चालतं. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. घरी त्रास होत असेल, सह्या करायला दबाव येत असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आहे, तो मुलांच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.